चष्म्याच्या काउंटरमागचा पोरगा शिकणार कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात बाळीवेशीच्या बाजूला चष्म्याचं दुकान चालवतो, चोवीस वर्षं झाली. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय, भाषा इकडंतिकडं झाली तर सांभाळून घ्या, पण विषय कधीपासून मनात आहे आणि तो सुरू झाला तोही एका पेपरच्या कात्रणापासूनच.

२०२५ ची घटस्थापना, तारीख २२ सप्टेंबर. सकाळी दुकान उघडलं आणि रूपाभवानीचं दर्शन घेऊन एक रिटायर गुरुजी आले, कपाळाला कुंकू आणि हातात पेपरचं कात्रण. त्यांचा चष्मा तयार होता, आमच्या पोरानं बिल काढलं, त्यात १२ टक्के जीएसटी. गुरुजींनी कात्रण काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, बाळ, आजपासून नंबरचा चष्मा, लेन्स, फ्रेम सगळं ५ टक्क्यांवर आलंय, तुम्हाला माहीत नाही? पोरगा माझ्याकडं बघतोय, मी कात्रणाकडं बघतोय. दिल्लीत महिन्याच्या सुरुवातीला मीटिंग झाली, काहीतरी कमी होणार हे कानावर होतं, पण फ्रेमला किती, लेन्सला किती, कुठल्या तारखेपासून, जुन्या मालाचं काय, हे नीट कुणी सांगितलंच नव्हतं. बिल लगेच बदललं, गुरुजींची माफी मागितली, विषय मिटला. पण मला दिवसभर चैन पडली नाही. चोवीस वर्षं ज्या धंद्यात घालवली त्या धंद्याची बातमी मला गिऱ्हाईक येऊन सांगतंय आणि तेही खरेदी करून झाल्यावर.

बरं ही तर पैशाची गोष्ट, दहा मिनिटांत दुरुस्त होते. डोळ्याची गोष्ट अशी दुरुस्त होत नाही, म्हणून त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्याच दुकानात झालेली एक चूक इथं लिहितो.

यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. दोन्ही डोळ्यांना मायनस सहा, डॉक्टरांची चिठ्ठी व्यवस्थित. मुलीला गुलाबी फ्रेम आवडली, जरा मोठीच होती पण लेकराची हौस म्हणून दिली. चार दिवसांनी वडील परत आले, म्हणाले पोरगी चष्मा घातला की डोकं धरून बसती, फळ्यावरचं वाचती पण थोड्या वेळानं चष्मा काढून दप्तरात टाकती. मी त्या दिवशी दुकानात नव्हतो, पोरानं सांगितलं, नवीन चष्मा आहे ना, आठ दिवस घाला, सवय होईल. आठ दिवसांनी बाप तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडं गेला, एक दिवसाची मजुरी बुडवून. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की नंबर बरोबर आहे, चष्मा तपासून घ्या.

मी चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे लेन्सचा नंबर मोजायच्या यंत्रावर लावला. नंबर चोख, मायनस सहाला मायनस सहा. मग दोन्ही लेन्सची सेंटरं, म्हणजे बुबुळासमोर यायला पाहिजेत ते मधले बिंदू, मार्क करून पट्टीनं मोजलं तर अंतर ६४ मिलिमीटर. मुलीची पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं तर ५६. म्हणजे एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ४ मिलिमीटर सेंटर बाहेर सरकलेलं. जॉब कार्डवर पीडीचा रकाना रिकामाच होता. पोराला विचारलं, तू मोजलं नाहीस? तो प्रामाणिकपणे म्हणाला, मालक, चौसष्टच टाकतो की आपण कायम.

आपण कायम! तो माझ्याकडंच शिकला होता. त्याला ती सवय मीच लावली होती, कारण मलाही माझ्या आधीच्या मालकांनी तसंच शिकवलं होतं की मोठ्या माणसाचं चौसष्ट धरायचं, काम भागतं. आणि भागतंही, नंबर कमी असला तर. एक नाहीतर दीडचा नंबर असेल तर चार मिलिमीटर इकडंतिकडं झाल्यानं बहुतेकांना फार कळत नाही. पण नंबर वाढला की हिशोब बदलतो आणि तो हिशोब अगदी सोपा आहे, सेंटर जितके सेंटिमीटर सरकलं त्याला नंबरानं गुणायचं, आलेला आकडा म्हणजे तितका प्रिझम, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड तितका एका बाजूला वळतो. चार मिलिमीटर म्हणजे ०.४ सेंटिमीटर, गुणिले सहा, २.४ प्रिझम एका डोळ्याला, दोन्ही मिळून ४.८. एवढा प्रिझम त्या लेकराच्या डोळ्यांवर विनाकारण चढला होता आणि तो सांभाळायला तिचे डोळे दिवसभर बाहेरच्या बाजूला ओढले जात होते. डोकं दुखणार नाही तर काय होणार. आम्ही तिला सांगत होतो सवय होईल.

लेन्स नवीन टाकल्या, छोटी फ्रेम दिली, पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला की पोरगी आता चष्मा काढतच नाही. पण ते आठ-दहा दिवस तिला जे सोसावं लागलं ते परत घेता येत नाही, आणि तिच्या आधी अशी किती पोरं आमच्याकडून चौसष्टचा चष्मा घेऊन गेली असतील आणि तो दप्तरातच राहिला असेल याचा हिशोब मी कुठून काढू?

हा जो हिशोब सांगितला ना, त्याला प्रेंटिसचा नियम म्हणतात. चार्ल्स प्रेंटिस हा न्यूयॉर्कचा माणूस, एकोणिसाव्या शतकातला, आणि तो स्वतः ऑप्टिशियनच होता, आपल्याच धंद्यातला. म्हणजे शंभरच्या वर वर्षं झाली, चष्मेवाल्यानंच चष्मेवाल्यांसाठी शोधलेली गोष्ट आहे, दहावी पास पोराला पाच मिनिटांत समजते, आणि मला ती दुकान टाकून अकरा वर्षं झाल्यावर कळली, तीही पुण्याला एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका ऑप्टोमेट्रिस्टशी, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणाऱ्याशी, गप्पा मारताना. आणि कळल्यावरही मी दुकानातल्या पोरांना ती शिकवली नाही, हे जास्त वाईट. मला वाटायचं मी आहे ना लक्ष द्यायला.

आता कुणी म्हणेल की मग शिकलेली माणसं ठेवा. शिकलेली माणसं म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट, चार वर्षांची डिग्री, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. असा मुलगा किंवा मुलगी दुकानात असली तर सोन्याहून पिवळं, पण ती शिकून मोठ्या हॉस्पिटलात नाहीतर पुण्यामुंबईला जातात, आणि त्यांनी जावंही, त्यांनी त्यासाठी चार वर्षं घातलीत. सोलापुरातल्या साध्या दुकानात डोळे तपासून झाल्यावर पुढचं सगळं करतो तो फिटर, काउंटरवरचा पोरगा. फ्रेम निवडून देणं, पीडी घेणं, प्रोग्रेसिव्हची, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच लेन्समध्ये असतं तिची, हाइट मार्क करणं, लेन्स घासणं, अर्ध्या कडेच्या सुप्रा फ्रेमच्या लेन्सला खाच मारणं, बिनकडेच्या रिमलेसला भोक पाडणं, काडी गरम करून कानामागं बसवणं. डॉक्टरांनी कितीही अचूक नंबर काढला तरी तो नंबर डोळ्यासमोर नेमक्या जागी आणून ठेवायचं काम या पोराचं. आणि त्याला हे कुणी शिकवलं? आधीच्या पोरानं. त्याला? त्याच्या आधीच्या पोरानं. आपल्याकडं चष्म्याचं दुकान टाकायला लायसन लागत नाही, शॉप ॲक्टवर काम होतं, चष्मा बनवून देणाऱ्याला कसलीही परीक्षा नाही.

२०२१ साली केंद्रानं एक कायदा केला, डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स आणि फार्मासिस्ट सोडून बाकी आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय आयोग, त्यांचं शिक्षण आणि नोंदणी एका शिस्तीत यावी म्हणून. चांगला कायदा आहे. त्याच्या यादीत डोळ्यांच्या विभागात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आहे, व्हिजन टेक्निशियन आहे. चष्मा बनवून देणारा ऑप्टिशियन त्यात वेगळा असा नाही. म्हणजे उद्या सगळ्यांना ओळख मिळेल, नोंदणी मिळेल, नोंदणी आली की शिक्षण पण मागोमाग येईल, आणि आमचा फिटर आहे तिथंच राहील. हे आमच्या किती दुकानदारांना माहीत आहे? मी दहा जणांना विचारलं, आठ जणांनी असा कायदा आहे हेच पहिल्यांदा ऐकलं.

इंग्लंडमध्ये १९५८ साली कायदा झाला आणि जनरल ऑप्टिकल कौन्सिल आली, तिथं चष्मा बनवून देणाऱ्यांचंही रजिस्टर आहे, त्यांना डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन म्हणतात. नुसतं एकदा पास होऊन भागत नाही, दर तीन वर्षांत ३६ पॉइंट मिळवावे लागतात, लेक्चर ऐका, केसवर चर्चा करा, नवीन काही शिका, पॉइंट नाही भरले तर रजिस्टरवर राहणं अवघड. मला हे वाचून हेवा वाटला. मला काही सोलापुरात इंग्लंड आणायचं नाहीये, पण तिथल्या फिटरला दरवर्षी नवीन काही शिकायचा हक्क आहे आणि वेळ आहे, आणि आमच्याकडं सकाळी दहा ते रात्री नऊ उभा असलेल्या पोराला मोबाइलवर आलेले व्हिडिओ बघून शिकावं लागतं.

त्या व्हिडिओतून काय शिकतात तेही सांगतो. ब्लूकट, म्हणजे निळा उजेड अडवणारी लेन्स विकायची तर कंपनीचा माणूस एक छोटी निळी टॉर्च आणि एक कार्ड देऊन जातो. साध्या लेन्समधून निळा उजेड कार्डवर पडतो, ब्लूकटमधून पडत नाही, गिऱ्हाईक बघतं आणि म्हणतं हीच द्या, मोबाइलमुळं पोराचे डोळे खराब होतात. आम्हीही वर्षानुवर्षं हेच दाखवलं. २०२३ मध्ये कॉक्रेन नावाच्या संस्थेनं, जी जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते, १७ चाचण्या बघून सांगितलं की स्क्रीनमुळं डोळ्यांना जो थकवा येतो तो साध्या लेन्सपेक्षा ब्लूकटनं कमी होतो असं काही दिसत नाही. मी तेव्हापासून टॉर्च ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. ज्याला पाहिजे त्याला ब्लूकट देतो पण डोळे वाचतील असं सांगत नाही, त्याऐवजी सांगतो दर वीस मिनिटांनी लांब बघा, पापण्या मिटा. विक्री थोडी कमी झाली, झाली तर झाली. पण आमच्या आसपासच्या दुकानांत आजही टॉर्च चालू आहे आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांच्यापर्यंत टॉर्च आली, अभ्यास आला नाही.

कंपन्यांची ट्रेनिंगं होतात, नाही असं नाही. हॉटेलात हॉल, प्रोजेक्टर, शेवटी जेवण. काही काही ट्रेनर खरंच चांगले असतात, प्रोग्रेसिव्ह लेन्सवर ज्या दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर, त्या उजेडात तिरकी धरून कशा शोधायच्या हे मला अशाच एका ट्रेनिंगमध्ये कळलं आणि त्याचा रोज उपयोग होतो. चष्म्यावरचा रंग पुसला गेला तरी त्या खुणांवरून लेन्स बरोबर बसलीय का ते तपासता येतं. पण त्या हॉलमध्ये मालकालाच बोलावतात, कारण ऑर्डर मालक देतो. फिटर दुकानात बसलेला असतो. आणि मोठ्या साखळी दुकानांचं बोलायचं तर त्यांच्या पोरांना कंपनी कामावर घेतल्या घेतल्या शिकवून घेते. मग गिऱ्हाईक तिकडं गेलं की आपण म्हणायचं, मोठ्या भांडवलापुढं आपलं काय चालणार. भांडवलाचं राहू द्या, त्यांचा पोरगा पीडी मोजतो आणि आपला मोजत नाही, याला तर भांडवल लागत नाही ना? चार आण्याच्या पट्टीवर होणारं काम आहे.

आणि पुढं जे येतंय त्यात हे आणखी महत्त्वाचं होणार आहे. लहान पोरांचा मायनस नंबर भराभर वाढतोय, डॉक्टर आता मायोपिया कंट्रोलच्या, म्हणजे मायनस नंबर वाढायला आळा घालणाऱ्या लेन्स लिहून द्यायला लागलेत. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीत अशा एका लेन्सवर दोन वर्षांचा अभ्यास झाला, त्यात साध्या लेन्सच्या तुलनेत नंबर वाढायचा वेग निम्म्यानं कमी झाला. त्या लेन्सची रचना अशी की मधोमध साधारण ९ मिलिमीटरचा गोल साधा असतो आणि त्याच्याभोवती मधमाशांच्या पोळ्यासारखे बारीक बारीक उंचवटे असतात. आता विचार करा, मधला गोल ९ मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेचार. आणि आमच्याकडं त्या मुलीचं सेंटर सरकलं होतं चार. आईबापानं पोटाला चिमटा काढून महागाची लेन्स घ्यायची आणि आमच्या पोरानं चौसष्टला बसवायची, की लेकराचं बुबुळ बरोबर काठावर. डॉक्टरांची मेहनत, बापाचा पैसा, लेन्सवाल्याचं संशोधन, सगळं एका रिकाम्या रकान्यापायी वाया.

आपल्या सोलापूरचं म्हणून एक वेगळंच शिक्षण लागतं, ते तर कुठल्याच कंपनीच्या हॉलमध्ये मिळत नाही. पूर्वभागातल्या एक मावशी माझ्याकडं आल्या, पन्नाशीच्या, चाळीस वर्षं विड्या वळतात. म्हणाल्या, दोराच दिसंना झालाय बघा, विडी ढिली बांधली जाती, कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढतात, त्याचे पैसे मिळंनात. त्यांच्याकडं चष्मा होता, एका शिबिरात मिळालेला, प्लस दोन. नंबर वयाच्या मानानं बरोबर. हातात पुस्तक दिलं तर पुस्तक नीट वाचता येत होतं, म्हणजे त्यांना अक्षरं कमी येत होती पण दिसत होती. मग मी दुकानात खाली बसायला सांगितलं, मांडीवर सूप आहे असं समजून हात धरा म्हटलं. पट्टी लावली तर डोळ्यापासून बोटांपर्यंत साठ सेंटिमीटरच्या आसपास. चाळिशीचा नंबर आपण काढतो तो पुस्तकाच्या अंतराचा, चाळीस सेंटिमीटरचा. मावशींचं पुस्तक मांडीवर आहे. नंबर बदलून बघायच्या ट्रायल फ्रेममध्ये प्लस सव्वा टाकला, हातात दोऱ्याचं रीळ दिलं. दोन बोटांत दोरा धरून त्यांनी बघितलं, एकदा जवळ, एकदा लांब, आणि म्हणाल्या, बागुंदी. तेलुगूत म्हणजे छान आहे, आपल्या सोलापुरात हे कुणाला सांगायला नको.

शिलाई मशिनवर युनिफॉर्म शिवणारी बाई सुईकडं वेगळ्या अंतरावरून बघते. मागावर उभा राहून तुटलेला धागा शोधणारा कामगार आणखी लांबून बघतो. चादरीच्या डिझाइनचं काम करणारा आता कॉम्प्युटरवर बसतो. या शहरात जवळच्या नजरेवर पोट असलेली माणसं किती आहेत हे मी सांगायला नको. आसाममध्ये चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या कामगारांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये लॅन्सेटच्या जर्नलमध्ये आला, नुसता जवळचा चष्मा दिल्यावर पानं खुडण्याचं काम चष्मा न दिलेल्यांपेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. शेजारी बांगलादेशात असाच अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला, तिथं आठ महिन्यांत चष्मा मिळालेल्यांची कमाई तिसऱ्या हिश्श्यानं वाढलेली दिसली. चहाचं पान आणि तेंदूचं पान, फरक काय हो? मला हे वाचलं तेव्हा विडी घरकुलमधल्या सगळ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. एक साधा चष्मा, पण ज्यानं विचारलं पाहिजे की मावशी तुम्ही काम काय करता आणि कसं बसता, तो पोरगा विचारत नाही कारण विचारायचं असतं हेच त्याला माहीत नाही.

म्हणून दिवाळी झाल्यावर मी एक गोष्ट सुरू केली. बुधवारी रात्री सव्वानऊला, दुकान बंद झाल्यावर, आमच्या वरच्या खोलीत. सुरुवातीला आमचीच दोन पोरं, आता पाच दुकानांतली मिळून अकरा जण येतात, त्यात दोन मुली. एक तास. चहा आणि शेंगाचटणी-भाकरी. पहिले तीन बुधवार फक्त पीडी. समोरासमोर एका उंचीवर बसायचं, हाताच्या अंतरावर. पट्टी नाकावर टेकवायची. आपला उजवा डोळा मिटायचा, समोरच्याला आपल्या डाव्या डोळ्यात बघायला सांगायचं, पट्टीचा शून्य त्याच्या उजव्या बुबुळाच्या मध्यावर आणायचा. मग पट्टी न हलवता आपला डावा मिटायचा, उजवा उघडायचा, त्याला त्यात बघायला सांगायचं आणि त्याच्या डाव्या बुबुळावर आकडा वाचायचा. अकरा जणांनी एकमेकांची मोजली. चौसष्ट कितीजणांची निघाली? दोघांची. बाकी ५८ पासून ६८ पर्यंत. तो आकडा फळ्यावर लिहिल्यावर खोलीत जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. माझ्या दुकानातला तोच पोरगा म्हणाला, मालक, म्हणजे आपण आजपर्यंत अंदाजपंचेच की. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याला ती गुलाबी फ्रेम आठवली होती. आज तो पोरगा आमच्या दुकानात पीडीचा रकाना भरल्याशिवाय जॉब कार्ड पुढं जाऊ देत नाही.

पण बुधवारची खोली ही काही शाळा नाही. मला जेवढं येतं तेवढंच मी शिकवणार, आणि मला जे चुकीचं येतं तेही मी शिकवणार, हीच तर भीती आहे. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट आहे, आपल्यापासून तीनशे किलोमीटर, तिथं खेड्यापाड्यातल्या बारावी झालेल्या मुलामुलींना वर्षभर शिकवून व्हिजन टेक्निशियन करतात आणि ती मुलं त्यांच्याच भागातल्या व्हिजन सेंटरमध्ये बसतात. मदुराईला अरविंद हॉस्पिटल हेच काम गावातल्या मुलींना घेऊन करतं. म्हणजे हे होऊ शकतं, आपल्या देशात, आपल्यासारख्याच पोरांना घेऊन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये २०३० पर्यंत सगळ्यांना चष्मा मिळावा म्हणून मोठी मोहीम काढली, त्यांचाच हिशोब आहे की लांबचा नंबर असलेल्या शंभर जणांतल्या ३६ जणांकडंच नीट चष्मा आहे. त्यांची ऑनलाइन शिकायची फुकट व्यवस्थाही आहे, वाचायचा चष्मा कसा द्यायचा यावर. मी बघितली, चांगली आहे, पण इंग्रजीत. आमच्या अकरा जणांत इंग्रजी वाचून समजणारे दोन.

माझं मागणं असं आहे. आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठानं सहा महिन्यांचा एखादा संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स काढावा, मराठीतून, दहावी झालेल्याला घेता येईल असा, फक्त चष्मा बनवून देणाऱ्यांसाठी. डोळे तपासणं नको त्यात, ते ज्याचं त्यानं करावं, मला ती गल्लत अजिबात नको आहे, आणि काही दुकानदार ती करतात ते मला पटत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागानं महिन्यातून एक दुपार फिटर लोकांना येऊन बसू द्यावं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा, तिरळेपणाचा प्रिझम, एका डोळ्यानं अधू मुलाला सहजासहजी न फुटणारी पॉलीकार्बोनेटची लेन्सच का द्यायची, या गोष्टी डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्या तर पोरं जन्मात विसरणार नाहीत. आणि आम्ही मालकांनी त्या दुपारचा पगार कापू नये. हे शेवटचं मी आमच्या व्यापारी मित्रांना उद्देशून लिहितोय, दुखावले तरी चालेल. एका दुपारची विक्री बुडेल म्हणून आपण पोराला पाठवत नाही आणि मग तोच पोरगा चुकीची प्रोग्रेसिव्ह बसवतो, गिऱ्हाईक जिना उतरताना भोवळ येते म्हणतं, आपण म्हणतो सवय होईल. नाही होत सवय. ते चष्मा कपाटात ठेवतं आणि परत आपल्या दुकानाची पायरी चढत नाही.

संपादकसाहेब, तुमच्याकडंही एक मागणं. शेतीचं पान असतं तुमच्याकडं, बाजारभाव असतात, नोकरीच्या जाहिराती असतात. महिन्यातून एकदा, कुठल्याही आतल्या पानावर, दोन कॉलम आमच्यासारख्या छोट्या कसबी धंद्यांना द्या. एखाद्या महिन्यात चष्मेवाले, एखाद्या महिन्यात दातांच्या कवळ्या बनवणारे, श्रवणयंत्र बसवणारे, लॅबमध्ये रक्त तपासणारे. कराचा दर बदलला, नियम बदलला, नवीन कोर्स निघाला, जुनी समजूत खोटी ठरली, एवढंच. गुरुजींनी कात्रण आणलं तसं पोरं स्वतः कात्रण काढून दुकानात चिकटवतील. आमच्या खोलीत फळ्याशेजारी जागा ठेवली आहे.

पहिल्या वेळचा मजकूर मी देतो, पीडी कशी मोजावी, पट्टीच्या चित्रासकट. नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेऊन मगच पाठवीन. आपण होकार कळवलात तर येत्या बुधवारी रात्री पोरांसमोर वाचून दाखवतो, त्यांना कुठं अडतंय ते बघून दुरुस्त करतो आणि गुरुवारी सकाळी तुमच्या ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक ऑप्टिशियन, बाळीवेस, सोलापूर
(कृपया माझं आणि दुकानाचं नाव छापू नये, त्या मुलीच्या घरच्यांना ओळख पटू नये म्हणून.)